कोशात नसलेला शब्द

—चॅम्पियनच्या वह्या? असंच म्हणालीस ना तू फाटकातून, की मलाच नीट ऐकू आलं नाही? शेजारच्यांचा जनरेटर आहे, दुपारभर बोंबलत असतो मेला. नाही, तू चुकलीस असं नाही म्हणत मी, अख्खं वॉरी शहर तसंच म्हणतं— चॅम्पियनच्या वह्या, मुदियागाच्या वह्या. आणि तू तर त्याचा चेहराच छातीवर घालून आलीस. स्क्रॅबल क्लबाने छापलेत ना हे टी-शर्ट, त्याच्या नावाच्या स्पर्धेसाठी? छान दिसतोय. जिवंतपणी माझा नवरा इतका हसरा नव्हता. बस. इथे बस, बाकावर, त्या बियांच्या परातीला पाय लागू देऊ नकोस, सकाळपासून सोलतेय मी. तर वह्या. हे काय, सात फायली आहेत, दोरीने बांधलेल्या— सोड की गाठ, घाबरतेस काय— आणि पहिलं पान बघ. कुणाचं अक्षर दिसतंय? कुणाचंच नाही. टाइप केलंय. मुदियागाला टाइप करता येत होतं? त्याला साधी रिबन बदलता येत नव्हती. सत्तावीस वर्षं हायकोर्टात टाइपिस्ट कोण होतं? हां. आता बघ पुन्हा, आणि सांग कुणाच्या वह्या ते.

लाजू नकोस. तुझं नाव काय म्हणालीस? एबिएरे. म्हणजे नदीकडची तू, इजो जमातीची. परदेशात जाणार म्हणे स्पर्धेला, तीन महिन्यांत. पेपरात वाचलं मी, पहिल्यांदाच आपल्या राज्याच्या संघात बाई— वाचलं, आणि पेपर घडी करून ठेवून दिला, खोटं कशाला बोलू. बरं, मला एक सांग, तुम्हा पोरांच्या कॉम्प्युटरात सगळे शब्द आहेत ना? बटण दाबलं की अमुक अक्षरांचे, तमुक अक्षरांचे, सगळे समोर? मग या म्हातारीच्या दारात कशाला? — राहत नाहीत. लक्षात राहत नाहीत! बघ, हे तरी खरं बोललीस. यादी कोणीही देईल गं. यादी पाण्यासारखी वाहून जाते. म्हणून तर मी प्रत्येक यादीवर ते एकेक वाक्य रचलंय— दिसतंय ना, वर, मोठ्या अक्षरांत? त्या वाक्यातल्या प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर घे आणि खालच्या सहा अक्षरांना जोड, की सात सोंगट्यांचा शब्द तयार. वाक्य लक्षात राहिलं की यादी राहिली. आणि वाक्य लक्षात का राहतं? कारण ते माणसांचं असतं. शेजारीणबाईंचं भांडण, जजसाहेबांची मूळव्याध, पाद्रीबुवांची दुसरी बायको. हसलीस! मुदियागाही हसायचा. पाठ करता करता हसायचा, आणि पाठ झालं की विसरायचा कुणी रचलं ते.

पहिल्यापासून सांगू? तुला घाई नसेल तर सांगते. कोर्टाच्या मागे बदामाचं झाड आहे ना, ते मोठं, त्याखाली तेव्हा कारकून आणि वकिलांचे शागीर्द दुपारच्या सुट्टीत स्क्रॅबल खेळत. पुठ्ठ्याचा पट, बाटलीच्या बुचांवर लिहिलेली अक्षरं. मुदियागा एका प्रतिज्ञापत्रासाठी आला होता— जन्मतारखेचं— आणि मी टाइप केलेलं वाचून म्हणाला, बाई, या शब्दात दोन 'एल' असतात. मी म्हटलं, एकच असतो. तो म्हणाला, पैज? कोश आणला जजसाहेबांच्या खोलीतून. एकच होता. मग म्हणाला, खेळता येतं? मी म्हटलं, बघत असते. बस म्हणाला. बसले. अकरा डाव, एबिएरे. पहिले अकराच्या अकरा डाव मी जिंकले. तो रोज यायचा, काम नसताना यायचा, हरायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचा. त्या हरण्यावरच भाळले मी त्याच्या. पुरुष इतका हरतो आणि तोंड वाकडं करत नाही, म्हटलं हा माणूस बरा. लग्न झाल्यावर कळलं, की तोंड वाकडं करत नव्हता कारण तो मोजत होता. माझ्याकडे कोणते शब्द आहेत आणि त्याच्याकडे नाहीत, ते.

माझी स्वतःची वही होती तेव्हा. शाळेची, निळ्या कव्हरची. त्यात मी शब्द गोळा करायचे, कसे— कोश पहिल्या पानापासून वाचून. रोज चार पानं. मुलं झोपली की, चुलीवर भात असला की, कोर्टात साक्षीदार आला नाही की. ज्यात 'क्यू' आहे पण पाठीमागे 'यू' नाही असे वेगळे, ज्यात एकही स्वर नाही असे वेगळे, नुसते स्वरच असलेले वेगळे. 'क्यू'चे शब्द तर मला इतके आवडायचे! फकीर. तलाक. कादी, म्हणजे काझी. कनात. सगळ्यांतला 'क' इंग्रजीत 'क्यू'ने लिहितात. आमच्या नाक्यावर मांस भाजून विकणारा उत्तरेकडचा म्हातारा होता, मालम दानजुमा, त्याला मी अर्थ विचारायला गेले, तर तो काड्या फिरवता फिरवता हसायला लागला— म्हणे, हे इंग्रजी होय? हे तर आमच्या मशिदीतलं! मग त्यानेच सांगितलं, फकीर म्हणजे कोण, तलाक कसा देतात. आणि कनात म्हणजे वाळवंटात जमिनीखालून पाणी नेणारा बोगदा, तो त्यालाही माहीत नव्हता, तो मी कोशात वाचला. मी अर्थ वाचायचे, बघ. मुदियागाने आयुष्यात कधी अर्थ विचारला नाही. त्याला फक्त अक्षरं. अर्थाचे गुण मिळत नाहीत, म्हणायचा. बरोबरच होतं त्याचं, नाही मिळत.

मग ती निवडस्पर्धा. तुझा जन्मही झाला नसेल. लागोसच्या स्पर्धेसाठी राज्याचा संघ, सहा जागा. आम्ही दोघांनी नावं दिली. शेवटची फेरी आली तेव्हा पाच जागा ठरलेल्या, आणि सहावीसाठी कोण कोण? मी आणि तो. आमचीच जोडी लागली. दैव कसं खोडसाळ असतं बघ. खेळायच्या आधी तो मला मागच्या अंगणात घेऊन गेला, जिथे पाण्याच्या टाक्या होत्या. म्हणाला, एलोहो, तू गेलीस लागोसला तर मुलांना कोण बघणार? मी म्हटलं, तू. तो म्हणाला, चेष्टा करू नकोस. मग म्हणाला, आणि मला लोक काय म्हणतील? बायको संघात आणि नवरा घरात? एकदा मला जाऊ दे. पुढच्या वर्षी तू. वचन.

मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. डाव सुरू झाला. शेवटी पिशवी रिकामी, मी सतरा गुणांनी मागे, आणि माझ्या पट्टीवर पाच सोंगट्या. क्यू, ए, एन, ए, टी. काय झालं तुला? हो. तेच. कनात. आणि पटावर कडेचं लाल घर मोकळं, तिथून लावलं की गुण तिप्पट. मी त्या पाच सोंगट्या ओळीने लावून ठेवल्या पट्टीवर, बोटाने सरळ केल्या, आणि म्हटलं, पास. पंचाने भुवई वर केली. म्हणाला, बाई, पास? मी म्हटलं, पास. मुदियागाने आपल्या उरलेल्या लावल्या आणि डाव संपला. मग नियमाप्रमाणे मी पट्टी त्याच्याकडे फिरवली. तसाच होता शब्द, एबिएरे, त्याच क्रमाने, त्याच्या नाकासमोर. मला वाटलं, आता त्याला कळेल. आता तो बघेल मी काय केलं ते, आणि निदान माझ्याकडे एकदा बघेल. त्याने बघितलं. माझ्या सोंगट्यांचे गुण मोजले, आपल्यात मिळवले, आणि म्हणाला, क्यू अडकला होय तुझा! बिचारी.

दिसलाच नाही त्याला. मी काय दिलं तेच ज्याला दिसत नाही, त्याला काय सांगायचं? घरी येऊन मी निळी वही त्याच्यासमोर टाकली. म्हटलं, ने. पाठ कर. लागोसला तिसऱ्या दिवशी त्याने तोच शब्द लावला, आणि पेपरात आलं— वॉरीच्या पठ्ठ्याने वाळवंटातून पाणी काढलं. कात्रण आहे आत कुठेतरी. चौकटीत लावलं होतं त्याने.

पुढच्या वर्षी? पुढच्या वर्षी मी पोटुशी होते. त्याच्या पुढच्या वर्षी सासूचं आजारपण. त्याच्या पुढच्या वर्षी मी विचारलंच नाही. तोवर तो चॅम्पियन झाला होता ना! क्रीडाखात्यात नोकरी, विमानाची तिकिटं, रस्त्यात पोरं हाका मारायची. आणि मी? मी त्याच्या फायली करत होते. ही पहिली फाइल एका वर्षाची. ही तिसरी, ही जाड, ही दोन वर्षांची. दुपारच्या सुट्टीत कोर्टाच्या मशीनवर, जजसाहेबांना माहीत होतं, काही बोलायचे नाहीत. संध्याकाळी जेवताना मी विचारायचे, तो सांगायचा. मी अक्षरं उलटीसुलटी करून म्हणायचे, तो शब्द जुळवायचा. चुकला की माझ्यावरच ओरडायचा— नीट स्पष्ट बोल. मुलं म्हणायची, आमच्या घरी जेवताना प्रार्थना नाही, परीक्षा असते.

—मॉल्टची बाटली घेणार? आहे थंड. वीज गेली तरी अजून थंड असेल. राहू दे, तुझी मर्जी.

रेडिओवाला आला तो दिवस. चाळणी दे इकडे, ती, हां. राजधानीहून आला होता, मोठं यंत्र घेऊन, तुझ्यासारखाच तरणा. बाहेर याच बाकावर बसले दोघं. मी ट्रे घेऊन उभी. त्याने विचारलं, चॅम्पियन, एवढे शब्द येतात कुठून? मुदियागा म्हणाला, देव पेरतो. मी फक्त कापणी करतो. बरं. देवाचं नाव घेतलं, तेवढं चालेल म्हटलं. मग पोरगा माझ्याकडे वळून म्हणाला, आणि बाईसाहेब, तुम्हीही खेळता का? मी तोंड उघडलं, तेवढ्यात मुदियागा हसला— एलोहो? छे! बायकांना धीर नसतो या खेळाचा. तिच्या हातचं बंगा सूप खाऊन जा, मग कळेल ती कशात चॅम्पियन आहे. पोरगा हसला. मी म्हटलं, मी— आणि तो म्हणाला, ती टाइपिस्ट आहे. माझं टाइपिंग करते.

माझं टाइपिंग करते.

रविवारी लागला तो कार्यक्रम. कोर्टातल्या सगळ्यांनी ऐकला. सोमवारी बदामाखाली कुणीतरी म्हणालं, काय एलोहोबाई, सूप कधी? मी पण हसले त्यांच्यात. काय करणार?

— ते? ते पान? ते पांढरं आहे कारण नवं आहे. पाणी सांडलं होतं त्याच्यावर, मी पुन्हा टाइप केलं. चौथी फाइल ना? पाणीच. जुनी गोष्ट आहे, पुढे बघ तू, पुढे 'झेड'चे आहेत, ते फार उपयोगाचे. अगं पुढे बघ म्हटलं ना. काय बोट फिरवतेस त्याच्यावर, पानच आहे. पावसाचं पाणी. छप्पर गळत होतं.

छप्पर गळत नव्हतं.

तू कोण माझी, की तुला सांगावं? पण पाच जणांना मी हेच पाण्याचं सांगितलंय आणि आता माझंच मला ऐकवत नाही. ऐक. सोमवारीच, त्याच दुपारी, सगळे बाहेर हसत असताना मी मशीनवर कागद चढवला. 'व्ही'च्या यादीचं पान होतं. खरे एकवीस शब्द टाइप केले. आणि मग बोटं थांबली नाहीत. बाविसावा टाइप केला. वेलोरिन. व्ही, ई, एल, ओ, आर, आय, एन. आता तू डोक्यात शोधतेयस, दिसतंय मला. शोधू नकोस, नाहीये. कुठल्याच कोशात नाहीये. मी केला तो. एखाद्या जाडसर मखमली कापडाचं नाव वाटतं की नाही? मी त्याला अर्थही ठरवून ठेवला होता, बघ— जाड कापड, पडद्याचं. म्हटलं, त्याने विचारलं, एलोहो, वेलोरिन म्हणजे काय गं? तर मी लगेच सांगेन, काही नाही, चूक झाली, खोड. एकदा विचारायचं होतं त्याने. एवढी एकच अट होती माझी, आणि ती मी त्याला सांगितली नव्हती. त्याने पाठ केला. त्या संध्याकाळी जेवताना मी अक्षरं सांगितली, त्याने मिनिटही लावलं नाही— वेलोरिन! आणि भाताचा घास घेतला.

नाही, पाच वर्षं काही झालं नाही. सात अक्षरं तशीच्या तशी हाती यावी लागतात ना. मी विसरून जायचे. मग एखाद्या स्पर्धेला तो निघाला की आठवायचं, म्हणायचे, आज खोडते, आज सांगते. मग तो दारातून म्हणायचा, इस्त्री नीट नाही झाली गं, आणि मी नाही सांगायचे. असं. फार मोठा द्वेष वगैरे नव्हता, असलं काही डोक्यात घेऊ नकोस. बारीकसारीक होतं. इस्त्रीएवढं.

मग मलेशिया. उपांत्यपूर्व सामना, शेवटचा डाव, समोर थायलंडचा एक शांत माणूस, चष्मेवाला, म्हणे इंग्रजीत धड जेवायला मागता येत नव्हतं, पण कोश तोंडपाठ. मुदियागा पुढे होता. साधं चार अक्षरी काहीतरी लावलं असतं तरी जिंकला असता. पण सातही सोंगट्या जुळल्या, पन्नास गुण वर, मोह झाला. लावला. आणि त्या माणसाने हात वर केला— चॅलेंज. दोघं उठून कोश भरलेल्या यंत्रापाशी गेले. यंत्राने सांगितलं, नाही. सातही सोंगट्या उचलून परत घ्याव्या लागल्या, एकेक. आपल्या संघातल्या एकाने सांगितलं मला नंतर, म्हणे त्या उचलताना चॅम्पियनच्या हातून दोन खाली पडल्या. एकोणीस गुणांनी हरला.

फोन आला तेव्हा मी कोर्टात होते. आपल्याकडे दुपार. म्हणाला, एलोहो, घरी जा. चौथी फाइल काढ, व्हीचं पान. मी म्हटलं, काय झालं? म्हणाला, जा आधी. अर्ध्या तासाने करतो. मी मोटारसायकलवाला पकडला, मागे बसले, आणि त्या एवढ्या रस्त्यात— किती, वीस मिनिटं?— मला सगळं कळलेलं होतं, आणि मला वाटत होतं की मी सांगणार. खरंच गं. मी वाक्य जुळवत होते, मागे बसल्या बसल्या. मुदियागा, तो शब्द मी घातला. मुदियागा, तू रेडिओवर म्हणालास ना, त्याच्यासाठी. घरी आले. फाइल उघडली. होता, बाविसावा, काळ्या शाईत. फोन वाजला.

बघितलंस?

बघितलं.

आहे?

आणि त्याचा आवाज, एबिएरे! मी त्या माणसाबरोबर चौदा वर्षं काढली होती तोवर, पण असा आवाज कधी ऐकला नव्हता. बदामाखाली पहिल्या दिवशी पैज हरला तेव्हासुद्धा नव्हता तसा. लहान झाला होता आवाज. मी म्हटलं, नाही.

नीट बघ. वर-खाली बघ.

नाही रे. असा शब्दच नाहीये वहीत.

मग मी कुठून आणला तो?

मी म्हटलं, थकला असशील.

बस. एवढंच. पहिला खोटा शब्द यंत्राने पकडला. हा दुसरा कोण पकडणार? त्याच दुपारी मी कोर्टात परत गेले, नवीन पान टाइप केलं, एकवीस शब्दांचं, आणि घरी येऊन जुनं चुलीत घातलं. मासा होता चुलीवर. नंतर मुलांनी तो खाल्ला, मी नाही खाल्ला.

परत आल्यावर त्याने पहिल्यांदा फाइलच उघडली. हेच पान, तुझं बोट आहे तिथेच त्याचं बोट. म्हणाला, हे नवं दिसतंय. मी म्हटलं, पाणी सांडलं. त्याने मान हलवली. कळलं असेल का त्याला? मी किती रात्री— नाही, रात्रीचं सोड— किती वर्षं विचार केला. मला वाटतं नाही कळलं. कळलं असतं तर तो ओरडला असता, मारलं असतं, आणि ते बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, मग माझं डोकं गेलं, एलोहो.

आणि गेलंच मग. डॉक्टरांनी डोक्याचा फोटो काढला, काही निघालं नाही. पाद्रीबुवांनी तेल लावून हात ठेवला. मी त्याच्या शेजारी बसलेली, गुडघ्यावर हात ठेवून, आमेन म्हणत. पण एकदा विश्वास उडाला की खऱ्या शब्दालाही हात लावताना माणूस कचरतो. पटावर सोपे सोपे सोडून द्यायला लागला. नवशिके पोरगे हरवून जायचे. क्रीडाखात्याने सल्लागार केलं, म्हणजे खुर्ची दिली, मग खुर्चीही काढली. तो घरी बसला. आणि मला विचारायला लागला. एलोहो, हा शब्द आहे ना? एलोहो, 'स्पून'मध्ये दोन 'ओ' ना? एलोहो, शेगडी बंद केली ना मी? आपली धाकटी शाळेत आहे ना आता? सगळं मला विचारून. इस्त्री तोच करायचा. माझी पण.

आता जे सांगते ते तू कुणाला सांगू नकोस. ती सहा वर्षं माझ्या संसारातली सगळ्यात चांगली होती. हां. बघ कशी बघतेयस. दुपारी इथे बसायचो आम्ही, या बाकावर, पट मांडून. मी जिंकायचे. अकरा नाही, शेकडो डाव. तो हरायचा आणि तोंड वाकडं करायचा नाही, आणि या वेळी मोजतही नव्हता. एकदा मी काहीतरी लावलं, आठवतही नाही काय, तर तो पटाकडे बघून म्हणाला, तूच खेळायला हवं होतंस, एलोहो. हे ऐकायला मी किती वर्षं थांबले होते? आणि ऐकलं कधी? त्याला मोडून झाल्यावर. मी काय म्हटलं विचार. मी म्हटलं, तुझी पाळी आहे.

धुळीच्या वाऱ्याचे दिवस होते, सकाळी अंघोळीला गेला तो आतच पडला. हृदय. अंत्यविधीला क्लबाच्या अध्यक्षांनी भाषण केलं— या थोर माणसाला अखेर त्याच्याच स्मरणशक्तीने दगा दिला. सगळे रडले. मी पहिल्या रांगेत होते. उठून सांगता आलं असतं. माणूस मेला होता, आता कुणाला लागणार होतं? पण सगळ्यांनी पांढऱ्या कापडावर त्याचा फोटो छापून घेतला होता, आणि— नाही सांगितलं. आज तुला सांगितलं. का सांगितलं तुला? तू त्या पानावर बोट फिरवलंस म्हणून.

असो. तर तू घेऊन जा फायली. सातही ने, मला काय करायच्यात, ट्रंकेत पडून उंदीर लागतील त्यांना. पाठ कर, वाक्यं आधी पाठ कर, यादी नंतर, एका दिवशी दोन पानं, जास्त नको. आणि तिथे परदेशात कुणी विचारलं कुठून येतात शब्द, तर म्हण— काय म्हणशील? माझं नाव घे. पूर्ण नाव घे, नवऱ्याचं आडनाव नको, लिहून देते मी—

काय झालं? फायली खाली का ठेवल्यास?

नाही नाही, ऐक, एकच होता. सातही फायलींत एकच, आणि तो मी जाळला, सांगितलं ना तुला आत्ताच? बाकी सगळे खरे आहेत. माझ्या मुलांची शपथ. मी रोज चार पानं कोश वाचलाय, तुझं वय नाही तितकी वर्षं मी— तुमचं ते कॉम्प्युटर आहे ना, त्याला लावून बघ हवं तर, एकेक शब्द बघ, सापडला एखादा तर ये आणि माझ्या तोंडावर फेक. एकच होता गं. मला आठवतं ना, मीच घातला, मला नाही आठवणार? एकच—

एकच असावा.

दोरी कशाला बांधतेस परत? राहू दे तशाच. मी बांधीन. नको, पाणी नको, मॉल्टही नको, आता काय देऊ तुला मी. आणि पायाखाली बघ, बिया सांडल्या त्या. जा. जाताना फाटक ओढून घे, कडी सरळ बसत नाही, थोडी उचलून लाव.